निद्राश्वासरोध आणि जबड्याचे विकार

निद्राश्वासरोध (स्लीप ॲप्निया) म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा विकार होय. त्याच्या अवरोधी प्रकारात घशातील मऊ श्वासमार्ग मिटतो आणि किमान १० सेकंद हवेचा प्रवाह खंडित होतो. ताशी ५ ते १५ वेळा असा अडथळा आल्यास विकार सौम्य, ३० वा अधिक वेळा आल्यास तीव्र मानतात. झोपेत दात खाणे (ब्रुक्सिझम) आणि जबड्याच्या सांध्याची दुखणी या रुग्णांत पुष्कळदा आढळतात. त्यांवर केलेला उपचार श्वासाला अपायकारक ठरू शकतो, म्हणून या संबंधाला महत्त्व आहे.

जबडा आणि श्वासमार्ग

जिभेचा प्रमुख स्नायू खालच्या जबड्याला आतून, हनुवटीमागे जोडलेला असतो. जबडा पुढे आला की जीभ पुढे येते. मागे गेला की तीही घशाकडे सरकते. झोपेत स्नायू सैलावून तोंड उघडे पडते, तेव्हा जबडा खाली येता येता मागेही फिरतो आणि श्वासमार्ग अरुंद होतो. उताणे झोपल्यास त्यात गुरुत्वाकर्षणाची भर पडते. खालचा जबडा मुळातच लहान असलेल्या सडपातळ व्यक्तीलाही त्यामुळे हा विकार होऊ शकतो. तो केवळ स्थूल माणसांचा आजार आहे, हा समज चुकीचा आहे.

स्नायूंची रात्रीची हालचाल

चर्वणाचे दोन मोठे स्नायू म्हणजे गालातील मॅसेटर व कानशिलावरील टेम्पोरॅलिस. निद्रा-आलेखनात त्यांची विद्युत-क्रिया नोंदवता येते. निरोगी माणसाच्या झोपेतही हे स्नायू अधूनमधून, साधारणपणे सेकंदाला एकदा अशा लयीत, आकुंचन पावतात. त्याआधी बहुधा मेंदूत क्षणिक जागृती होते व हृदयाची गती वाढते. श्वासरोध संपतानाही अशीच क्षणिक जागृती होत असल्याने श्वास पुन्हा सुरू होण्याच्या सुमारास मॅसेटर आकुंचन पावलेला दिसतो. परंतु असे प्रत्येक आकुंचन म्हणजे दात खाणे नव्हे. त्याच क्षणी पायांचे स्नायूही हलू शकतात.

दात खाणे हा श्वासमार्ग मोकळा करण्याचा शरीराचा प्रयत्न असावा, असे एक मत आहे. ते आकर्षक असले तरी सिद्ध झालेले नाही. दात खाणाऱ्या अनेकांना श्वासरोध नसतो आणि श्वासरोध असलेले अनेक जण दात खात नाहीत. मूल झोपेत दात खाऊ लागले की पोटात जंत झाल्याचे घरोघरी सांगितले जाते. मात्र ते मूल घोरत असेल, तर टॉन्सिल व ॲडिनॉइड वाढले आहेत का, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

सांध्याची दुखणी

कानापुढील सांध्यात दुखणे, तोंड उघडताना कटकट आवाज येणे, सकाळी जबडा आखडणे व डोके दुखणे ही प्रमुख लक्षणे आहेत. अमेरिकेतील ‘ऑपेरा’ या अभ्यासाच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, श्वासरोधाची लक्षणे असलेल्या प्रौढांमध्ये पुढे सांध्याचा विकार नव्याने उद्भवण्याचे प्रमाण अधिक होते. एवढ्यावरून एक विकार दुसऱ्याचे कारण ठरत नाही. तुटक झोपेमुळे वेदना अधिक तीव्रतेने जाणवतात, हेही एक स्पष्टीकरण आहे.

उपचारांतील पेच

दातांची झीज थांबवण्यासाठी दंतवैद्य रात्री वरच्या दातांवर बसवण्याची प्लास्टिकची पट्टी (नाइट गार्ड) देतात. माँट्रियल येथील संशोधकांनी २००४ मध्ये श्वासरोधाच्या १० रुग्णांवर केलेल्या प्राथमिक अभ्यासात, अशा पट्टीमुळे काहींचे श्वसनाचे अडथळे वाढल्याचे आढळले. अभ्यास लहान असला, तरी पट्टी देण्यापूर्वी घोरणे, दिवसा येणारी झोप व रक्तदाब यांची चौकशी करणे त्यामुळे आवश्यक ठरते.

याउलट खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे साधन श्वासरोध कमी करते. सुरुवातीला त्यामुळे सांधा व स्नायू दुखतात. हे दुखणे बहुधा काही आठवड्यांत ओसरते. अनेक वर्षांच्या वापरानंतर मात्र दातांची ठेवण कायमची बदलू शकते. पुरेसे दात नसलेल्यांना हे साधन सहसा बसवता येत नाही. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलेली सतत हवेचा दाब देणारी पद्धत (सीपॅप) जबड्याला पुढे ओढत नाही. त्यामुळे सांधा आधीच दुखावलेल्या रुग्णांसाठी तिचा विचार प्रथम केला जातो.