कर्व्यांनी सोडून दिलेलं काम

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याचा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, थोडं झाडून-पुसून घेतलंय इतकंच.

नवीन वर्ष लागलं की आपल्या सगळ्यांच्या फोनवर एकच पाऊस सुरू होतो. गोल्स लिहून काढा, पाच वर्षांनी कुठे असाल ते ठरवा, आणि त्याआधी आयुष्याचा उद्देश शोधा. उद्देश सापडला की ध्येयं आपोआप रांगेत उभी राहतील, असं हे रील्सवाले गृहीत धरतात. मला हे पटत नाही. ज्यांची आयुष्यं नीट नोंदली गेली आहेत अशा माणसांकडे बघितलं, तर अनेकदा उलटं दिसतं. उद्देश पक्का झाला की खरी अडचण तिथून पुढे सुरू होते, कारण आता दोन चांगल्या कामांतलं एक खाली ठेवावं लागतं.

आजची गोष्ट अशाच एका खाली ठेवलेल्या कामाची. माणूस सगळ्यांच्या माहितीतला, धोंडो केशव कर्वे. पुणेकरांच्या तर रोज तोंडात असतात. कर्वे रोड, कर्वे पुतळा, कर्वेनगर. नळ स्टॉपच्या सिग्नलला अडकलात की नाव हमखास आठवतं, माणूस मात्र आठवत नाही.

तर सुरुवात करू १८७५ पासून. दापोलीजवळच्या मुरुड गावातला एक सतरा वर्षांचा मुलगा. त्याला सहावीची सरकारी परीक्षा द्यायची आहे, आणि केंद्र आहे साताऱ्याला. भर पावसात हा मुलगा आणि त्याचे सोबती सह्याद्री ओलांडून चालत निघतात. अंतर साधारण ११० मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर. पायपीट करून पोचतात, आणि परीक्षा घेणारे त्याच्याकडे बघून म्हणतात, हा सतरा वर्षांचा दिसत नाही. झालं! परीक्षेला बसूच दिलं नाही. आल्या पावली परत. पुढच्या वर्षी कोल्हापूरहून तो ती परीक्षा पास झाला.

शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट जिद्दीचं उदाहरण म्हणून येते. मला त्यात दुसरं काही दिसतं. या मुलापुढे तेव्हा कुठलाही महान उद्देश नव्हता. परीक्षा पास झाली की शाळामास्तर होता येईल, घराला हातभार लागेल, एवढंच. पुढेही सगळं उशिराच होत गेलं. मॅट्रिक झाले तेव्हा वय २३, बी.ए. झाले १८८४ मध्ये, २६व्या वर्षी, गणित घेऊन. आज आपण ज्याला 'मागे पडलो' म्हणतो ना, ते हेच.

मग मुंबईत शाळांमधून शिकवणं आणि शिकवण्या. त्या काळातली त्यांची एक सवय मला फार महत्त्वाची वाटते. मिळकतीतला एक छोटा वाटा ते लोकांच्या कामासाठी बाजूला काढत. त्यातूनच पुढे गावासाठी 'मुरुड फंड' उभा राहिला. पैसा बाजूला पडू लागला तेव्हा तो नेमका कशाला लागणार आहे, हे ठरलेलंही नव्हतं.

१८९१ मध्ये दोन गोष्टी घडल्या. पत्नी राधाबाई गेल्या, पदरात रघुनाथ हा मुलगा. आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला बोलावणं आलं. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते, ती जागा रिकामी होती. गोपाळ कृष्ण गोखले हे कर्व्यांचे कॉलेजपासूनचे स्नेही, बोलावण्यात त्यांचा पुढाकार होता.

आता त्या काळाची रीत बघा. तिशी ओलांडलेला विधुर पुन्हा लग्न करायचा ते दहा-बारा वर्षांच्या मुलीशी. कोणाला त्यात वावगं वाटत नसे. आणि तेवढ्याच वयात नवरा गेला, तर त्या मुलीचे केस काढायचे, तिला अलवणात गुंडाळून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसवायचं, तेही जन्मभरासाठी. विधवेच्या लग्नाला कायद्याने १८५६ मध्येच मान्यता मिळाली होती, पण ब्राह्मण घरांत ते पाऊल उचलणारे फार थोडे. कर्व्यांनी ठरवलं, लग्न करायचं तर विधवेशीच. त्यांच्या मित्राची, नरहरपंत जोशींची बहीण गोदूबाई बालविधवा होती आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. ते सदन ११ मार्च १८८९ ला उघडलं आणि गोदूबाई तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ ला, पुण्यात दोघांचं लग्न झालं. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सगळे त्यांना बाया म्हणायचे आणि कर्व्यांना अण्णा.

मुरुडने बहिष्कार टाकला. त्याची झळ अण्णांच्या आईला आणि भावालाही बसली. ज्या गावासाठी फंड काढला, त्याच गावात बायकोला घेऊन उजळ माथ्याने जाता येईना.

इथे आपल्याकडचं एखादं मोटिव्हेशनल चॅनल म्हणेल, सापडला उद्देश! आणि दिसतंही तसंच. त्याच १८९३ साली अण्णांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी काढली. ते स्वतः तिचे चिटणीस. सुट्टी लागली की गावोगाव हिंडायचं, लोकांना समजवायचं, वर्गणी मागायची. पुनर्विवाह केलेल्या कुटुंबांना धीर द्यायचा, कारण त्यांना कुणी पंगतीला घेत नव्हतं. आयुष्यात जे केलं तेच सांगायचं. याहून सरळ ध्येय कुठलं असणार?

आणि तरीही दोन-तीन वर्षांत अण्णांचं लक्ष दुसरीकडे वळू लागलं.

कारण समजून घ्या. पुनर्विवाहाला तयार होणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एकेका लग्नासाठी किती खटपट, आणि ते झालं तरी सुटका एका बाईची. पण ज्या घरांना पुनर्विवाहाचं नावही सहन होत नव्हतं, त्यातली काही घरं एवढं म्हणायला तयार होती की मुलीला चार अक्षरं येऊ देत, स्वतःच्या पायावर उभी राहू दे. त्यात १८९३ मध्येच शारदा सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतोय म्हणून मोठा गदारोळ उठला आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. म्हणजे शिकू पाहणाऱ्या विधवा होत्या आणि घरच्यांना चालेल अशी जागा नव्हती.

१८९६ मध्ये अण्णांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. इथे धर्मसंकट आलं. आश्रम काढणारा माणूस स्वतः विधवेशी लग्न केलेला. सनातनी बाप विचारणारच, शिकवायच्या नावाखाली तुम्ही आमच्या मुलीचं लग्न तर लावून देणार नाही? जोवर अण्णा पुनर्विवाहाचा प्रचार करत होते, तोवर या प्रश्नाला पटेल असं उत्तर नव्हतं. म्हणून त्यांनी निवड केली. आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही असं ठरवलं, आणि पुढे विधवाविवाहाच्या मंडळीच्या कामातून स्वतः बाजूला झाले.

मंडळी, इथे जरा थांबा. ज्या कामासाठी गावाने वाळीत टाकलं, ज्याची किंमत आईने मोजली, तेच काम या माणसाने खाली ठेवलं. सुधारक मित्रांना हे कचखाऊ वाटलं असेल तर नवल नाही. मला स्वतःला तो व्यवहारी, आणि थोडासा कठोर निर्णय वाटतो. विधवेची स्थिती बदलायची, हा उद्देश तसाच राहिला. पण दोन वाटांपैकी एकीवर चालताना दुसरीवर काटे पडत होते, आणि 'दोन्ही करू, बघू काय होतं' असं म्हणायची मोकळीक त्यांनी स्वतःला दिली नाही.

पुढचं थोडक्यात. प्लेगच्या दिवसांत आश्रम शहराबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि झोपडीसाठी ७५० रुपये दिले. ती झोपडी आजही कर्वेनगरच्या आवारात जपून ठेवली आहे, एकदा जाऊन बघाच. सोबत म्हणून आधी बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले होत्या, त्याही विधवाच. फर्ग्युसनमधले तास संपले की अण्णा चिखल आणि काटे तुडवत चालत हिंगण्याला जायचे, शिकवायचे, आणि पुन्हा चालत परत. आपण कॅबमध्ये बसून ज्या ट्रॅफिकला शिव्या घालतो ना, साधारण तीच दिशा.

आणि पार्वतीबाई! मोठ्या वयात लिहा-वाचायला शिकल्या, मग आश्रमासाठी वर्गणी मागत सगळीकडे फिरल्या. १९१८ मध्ये एकट्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी कामं करत इंग्रजी शिकल्या. त्यांच्यावर वेगळा एपिसोड करायलाच हवा.

आता बाया. कारण अण्णांच्या उद्देशाचं बिल घरी यायचं. फर्ग्युसनचा आजीव सदस्य म्हणून मिळणारा पगार बेताचा, त्यातूनही पैसे आश्रमाकडे वळायचे. आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे झाली. विचार करा, जी बाई एकदा विधवा होऊन बसली होती, जिला त्या कोपऱ्याचा अर्थ पुरता माहीत होता, तिच्या घरातला हा निर्णय. बायांनी पुढे 'माझे पुराण' या नावाने आठवणी सांगितल्या, त्यात घरातल्या ओढाताणीबद्दल आडपडदा नाही. उद्देशाने जगणाऱ्या माणसांच्या चरित्रात अशी एक व्यक्ती बहुतेक वेळा असते, पण तिचं म्हणणं फार कमी वेळा छापलं जातं. बायांचं छापलं गेलं, हे आपलं भाग्य.

दुसरी निवड आली १९१५ मध्ये. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका अण्णांकडे कोणीतरी पाठवली होती. त्यांनी ती वरवर चाळून बाजूला ठेवली होती. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद आलं, भाषणाची तयारी करायची होती, तेव्हा ती पुस्तिका पुन्हा हातात घेतली. आणि या वेळी ती लागू पडली. पुढच्याच वर्षी बायकांसाठी विद्यापीठ, शिक्षण मातृभाषेतून, रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिले कुलपती. जुलै १९१६ मध्ये कॉलेज सुरू झालं तेव्हा विद्यार्थिनी किती? पाच. अण्णांचं वय ५८. सरकारची मान्यता नाही, पदवीला बाजारात किंमत नाही. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या नावे १५ लाखांची देणगी जाहीर केली, आणि 'श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी' ही अक्षरं विद्यापीठाला लागली. आपली एसएनडीटी. सरकारी कायद्याने मान्यता मिळायला १९५१ उजाडलं.

या सगळ्याला एक दुसरी बाजूही आहे. सुरुवातीचा आश्रम मुख्यतः ब्राह्मण विधवांचा होता. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्येच पुण्यात मुलींची शाळा काढली होती, आणि जातीचा प्रश्न त्यांनी पहिल्यापासून अंगावर घेतला होता. अण्णांनी तो तेव्हा घेतला नाही. बायकांचा अभ्यासक्रम वेगळा असावा हे त्यांचं मतही आज मला मान्य होत नाही. एका वेळी एकच गाठ सोडवायची, ही त्यांची पद्धत. तिचा फायदा झाला, आणि तिच्यामुळे बरंच काही बाहेरही राहिलं.

त्यातलं काहींना त्यांनी फार उशिरा हात घातला. १९३६ मध्ये, ७८व्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी संस्था काढली. १९४४ मध्ये, ८६व्या वर्षी, समता संघ. १९५८ मध्ये शंभरी पूर्ण झाली, भारतरत्न मिळालं, हयातीतच त्यांच्यावर टपालाचं तिकीट निघालं. १९६२ मध्ये ते गेले, १०४ वर्षांचे होऊन.

आणि ज्या १९४४ मध्ये समता संघ निघाला, त्याच वर्षी बायांचं 'माझे पुराण' प्रसिद्ध झालं. अण्णांचं 'आत्मवृत्त' त्याआधी जवळजवळ तीस वर्षं छापलेलं होतं. लायब्ररीत दोन्ही मिळाली तर सोबतच घेऊन या. मी तरी आधी बायांचं उघडेन.

पुढच्या भागात याच घरातला थोरला मुलगा, रघुनाथ. संततिनियमनाचं नाव काढलं तरी लोक कानावर हात ठेवायचे, त्या काळात त्याने 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. भेटूच. तोवर मंडळी, हेडफोनचा आवाज जरा बेतानेच.