पायावरील व्रण
गुडघ्याखाली किंवा पावलावर झालेली, अनेक आठवडे न भरणारी जखम. नीलांच्या झडपा निकामी होऊन रक्त साचल्याने होणारा व्रण सर्वांत जास्त आढळतो. तो बहुधा घोट्याच्या आतल्या बाजूस, उथळ व ओलसर असतो आणि भोवतालची त्वचा काळपट पडते. रोहिणी अरुंद झाल्यास बोटांवर किंवा टाचेवर खोल, अतिशय दुखरा व्रण होतो. मधुमेह व कुष्ठरोगात बधिर तळव्यावर न दुखणारा व्रण पडतो. निदानासाठी पावलातील नाडी चाचपतात, १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने संवेदना पाहतात, रक्तशर्करा मोजतात व डॉप्लर तपासणी करतात. घोटा व दंडातील रक्तदाबांचे गुणोत्तर ०.९ किंवा कमी असल्यास रोहिणीविकार संभवतो. ते फार कमी असल्यास घट्ट पट्टी बांधणे धोक्याचे. चिवट, कडा उंचावलेल्या व्रणाचा तुकडा कर्करोगासाठी तपासतात.