बाळराजांचा उपाहारगृहप्रवेश

राजांच्या नगरप्रवेशावर, सैन्याच्या किल्लाप्रवेशावर आणि भक्तांच्या मंदिरप्रवेशावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. पण चार वर्षांच्या पोराने हॉटेलात पहिलं पाऊल कधी टाकलं आणि पाण्याचा पहिला पेला कुणाच्या धोतरावर सांडला, याबद्दल सगळ्या बखरी गप्प आहेत. ही उणीव भरून काढायचं काम एका बँकेतल्या कारकुनावर यावं, हे त्या विषयाचं दुर्दैव.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. बाहेर पडायचं तर शिदोरी बांधून घ्यायची. दशम्या, चटणी, गूळ, शेंगदाणे. नदीकाठी झाड बघून फडकं सोडायचं. पोर मोकळं, फुटायला काचेचं भांडं नाही आणि सांडलं तर मुंग्यांची सोय. लहान मुलांना बाहेर जेवू घालण्याची याहून चांगली व्यवस्था अजून कुणाला सापडलेली नाही.

बाहेरचं खाणं म्हणजे तेव्हा साधं प्रकरण नव्हतंच. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही नामवंत मंडळी जमली आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशींनी त्यांची नावं वर्तमानपत्रात झळकवली. त्यात न्यायमूर्ती रानडे आणि टिळकसुद्धा! ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कप चहाचं एवढं मोठं बिल पुढे कुठल्याही हॉटेलाने लावलेलं नाही. जिथे न्यायमूर्तींची ही गत, तिथे 'चल बाळ, बाहेर काहीतरी खाऊ' असं म्हणायची छाती कोणाची?

मुंबईत गिरण्या निघाल्या, त्यांच्यामागोमाग खाणावळी निघाल्या. पण तिथे जेवायचे ते एकटे पुरुष. बायकापोरं गावाकडे. पोर मनिऑर्डरीत असायचं, पंगतीत नसायचं. मग आले इराणी. संगमरवरी टेबलं, गोल पाठीच्या लाकडी खुर्च्या आणि भिंतीवर हे करू नका, ते करू नका अशा सूचना. कुटुंबवत्सल माणसासाठी पडदा लावलेली 'फॅमिली रूम' असे. आत पोरं आहेत हे बाहेरच्यांना कळायचं ते चमचे पडल्याच्या आवाजावरून.

पण पोरांच्या बाजूने पाहिलं तर हॉटेलांच्या इतिहासाचे कालखंड दोनच : इडलीपूर्व आणि इडलीनंतर. ए. रामा नायक यांनी १९४२ साली माटुंग्याला उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढलं. अशाच दाक्षिणात्य मंडळींनी महाराष्ट्राला वाफेवरच्या खाण्याची गोडी लावली. इडलीला हाड नाही, काटा नाही, तिखट नाही. ती चिमुकल्या मुठीत मावते. आणि मुख्य म्हणजे ती तयार असते! ऑर्डर दिल्यापासून ताटली येईपर्यंतचा जो वेळ, त्यातच पोरांच्या सगळ्या लढाया होतात. इडलीने तो वेळच कापून टाकला.

इथवरचा हिशेब मात्र जमेच्या बाजूचा झाला. खतावणीला दुसरी बाजूही असते.

१९०१ सालची गोष्ट. साताऱ्याहून चार मुलं रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट. वडील खटाव तालुक्यात रोखपाल होते, त्यांना भेटायला निघालेली. त्यातला एक नऊ-दहा वर्षांचा भीमराव आंबेडकर. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि बैल मुलांनीच हाकायचे, आपण चालत येणार, या बोलीवर. डबा भरलेला होता, पण वाटेत कुणी पाणी दिलं नाही. पाण्यावाचून घास उतरेना, मुलं उपाशीच झोपली. बाबासाहेबांनी हे पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे.

त्याच मुलाने मोठेपणी जी घटना घडवली, तिच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांची नावं मुद्दाम घातलेली आहेत. धर्म, जात, लिंग असल्या कारणांवरून तिथे कुणाला अडवता येत नाही. अंमल २६ जानेवारी १९५० पासून. खेड्यापाड्यांत वेगळी कपबशी त्यानंतरही बरीच वर्षं खुंटीला लटकत राहिली, हा भाग वेगळा.

आमचं न्हावरे शिरूर-चौफुला रस्त्यावर आहे. एका टोकाला नगर रस्ता, दुसऱ्या टोकाला सोलापूर रस्ता. त्यामुळे इकडून तिकडे जाणारी कुटुंबं इथे थांबतात : आईबाप, आजी आणि दोन नग. त्यांच्यासाठी इतिहासातून निघालेले पाच धडे देतो, फी नाही.

पोरं रडायच्या आत जेवायला बसावं, रडायला लागल्यावर नव्हे. त्यांचं आधी मागवावं, तुमची मिसळ मागून आली तरी चालते. जागा रस्त्याकडेची धरावी आणि ट्रॅक्टर मोजायला लावावेत. पोरालाच सांगू द्यावं, "काका, एक इडली द्या." ज्याने स्वतः मागवलं तो सहसा ताटली ढकलत नाही. आणि पोरांचं पोट भरलं की उठावं. इराण्याच्या सूचनांचं सार तेवढंच होतं.

आता एवढं करूनही पेला कलंडणारच. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ आठ्या घालतील. घालू द्यात. कुणाचंही पोर, कुठल्याही टेबलावर बसून, न विचारता मिळालेलं पाणी सांडू शकतं, हे काही आपोआप झालेलं नाही. आजी म्हणेल, "आरं, नीट धर की!" आपण पोऱ्याकडून फडकं मागून घ्यावं, टेबल पुसावं आणि पेला पुन्हा भरून द्यावा.