बियाण्याचे धान : बर्गी, वैशाख आणि बंगालचे खळे

उन्हाळा सरत येतो तेव्हा शेत रिकामे दिसते. पण शेतकऱ्याचे घर त्या काळातच सर्वांत अधिक कामात असते. बंगालच्या ग्रामजीवनात वैशाख-ज्येष्ठाचे दिवस असेच गजबजलेले असत. ‘कालबैशाखी’च्या वादळी सरी पडून गेल्या की जमीन नांगराला वश होई आणि ‘आउश’ धानाची पेरणी सुरू होई. पावसाआधी पेंढ्याने छप्पर शाकारायचे, गोठ्यातील शेणखत रानात टाकायचे, पावसाळ्याचे सरपण आडोशाला रचायचे आणि गोल्यात, म्हणजे धान्याच्या कोठारात, बाजूला ठेवलेले बियाण्याचे धान पुन्हा एकदा उन्हात घालून पारखायचे, अशी ही कामांची माळ असे.

यातील निम्म्याहून अधिक भार स्त्रियांवर होता. अंगण सारवणे, शेणाच्या गोवऱ्या थापणे, धान उकडून वाळविणे, ढेंकीवर म्हणजे पायाने चालविण्याच्या मोठ्या उखळावर ते कांडणे, मुरमुरे भाजणे ही कामे त्यांचीच. पुढे भाद्रपदात आउशची कापणी होई. आषाढ-श्रावणात लावलेले ‘आमन’ धान मार्गशीर्षात खळ्यावर येई आणि नव्या तांदळाचा ‘नवान्न’ उत्सव साजरा होई. मराठी वाचकाला यात अनोळखी असे फारसे काही नाही. वऱ्हाडातील वखरणी, कोकणातील राब आणि आगोटीची बेगमी, राखेत घोळून कणगीत जपलेले बियाणे ही त्याच जीवनक्रमाची मराठी रूपे होत. बंगालमध्ये खनेच्या नावावर चालत आलेली कृषिवचने आणि महाराष्ट्रातील सहदेव-भाडळीची वचने यांचे नातेही असेच सख्खे आहे.

ही दोन कृषिजीवने इतिहासात समोरासमोर आली ती मात्र मैत्रीच्या प्रसंगाने नव्हे. १७४२ च्या एप्रिल महिन्यात नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर फौजेसह बर्दवानपर्यंत येऊन पोहोचले. बंगालचा नवाब अलीवर्दीखान होता आणि मागणी चौथाईची होती. मराठी इतिहासलेखनात या मोहिमेची नोंद मुख्यतः चौथाईचा हक्क, पेशवे व भोसले यांच्यातील स्पर्धा आणि ओडिशाची प्राप्ती या अंगांनी झाली आहे. बंगाली स्मृतीत तिचे नाव वेगळे आहे. तेथे ती ‘बर्गीर हांगामा’ आहे. ‘बर्गी’ हे मराठी ‘बारगीर’ या शब्दाचे रूप. ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचे, तो शिलेदार; ज्याला ती सरकारातून किंवा सरदाराकडून मिळत, तो बारगीर. फौजेतील हा साधा स्वार बंगालीत साऱ्या मराठ्यांचे, आणि पुढे लुटारूंचेही, नाव होऊन बसला.

या घटनांचे जवळून केलेले वर्णन गंगाराम नावाच्या बंगाली कवीच्या ‘महाराष्ट पुराण’ या काव्यात आढळते. त्याची १७५१ ची हस्तलिखित प्रत मैमनसिंग भागात मिळाली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोलकात्याच्या बंगीय साहित्य परिषदेच्या पत्रिकेतून ते प्रसिद्ध झाले. काव्याची चौकट पौराणिक आहे. पापाने पृथ्वी भारावते आणि तिच्या निवारणासाठी शाहूराजाला प्रेरणा दिली जाते, अशी त्याची सुरुवात. पण बर्गी येताच पौराणिक चौकट मागे पडते आणि कवी रस्त्यावर उभा राहून पळणारी माणसे मोजू लागतो. ब्राह्मण पोथ्यांचे भारे घेऊन निघतात, सोनार तराजू घेतात, कोळी जाळी उचलतात. कधी उंबरठ्याबाहेर न पडलेल्या स्त्रिया डोक्यावर बोचकी घेऊन चालू लागतात. शेतकरी निघतात ते पुढील हंगामाच्या बियाण्याचे धान बैलाच्या पाठीवर लादून आणि नांगर खांद्यावर घेऊन.

या तपशिलाचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. प्रत्येक माणूस आपल्या जगण्याचे साधन घेऊन पळतो, एवढाच त्याचा अर्थ नाही. सोनाराचा तराजू कोणत्याही गावात कोणत्याही दिवशी उपयोगी पडतो. बियाण्याचे मात्र तसे नसते. त्याला जमीन लागते आणि त्याला एक ठरावीक वेळ असते. वैशाखात घराबाहेर पडलेला शेतकरी पाठीवर धान्य नव्हे, तर एक संपूर्ण वर्ष घेऊन चालला होता. ते धान त्याने खाल्ले तर पुढचे वर्ष संपले, आणि न खाल्ले तर वाटेवर घरच्यांनी खायचे काय, हा प्रश्न होता. नांगर खांद्यावर घेणे हा परत येण्याच्या आशेचा भाग होता. गंगारामाने ही मीमांसा केलेली नाही; त्याने फक्त पाहिले आणि नोंदविले. त्याची नोंद विश्वसनीय वाटते ती त्यामुळेच.

त्या वर्षी ही आशा खोटी ठरली, कारण फौज पावसाळ्यातही परतली नाही. मराठी सैन्याची जुनी शिस्त शेतीच्या पंचांगाशी जुळलेली होती : पावसाळ्यात छावणी, दसऱ्याला सीमोल्लंघन. भास्कररामांचाही मे महिन्यात मागे फिरण्याचा विचार होता. परंतु नवाबाची चाकरी सोडून त्यांना मिळालेल्या मीर हबीबने त्यांना थांबविले आणि मुर्शिदाबादेत जगत्‌शेठांची पेढी लुटली गेली. अजय आणि भागीरथी यांच्या संगमावरील काटवा येथे तळ पडला. आषाढ-श्रावण, म्हणजे आमनच्या लावणीचे दिवस, भागीरथीच्या पश्चिमेकडील मोठा मुलूख बर्गींच्या हाती असतानाच गेले. ज्या गावांत माणूसच उरला नव्हता, तेथे लावणी कोण करणार? काटव्याजवळ भास्कररामांनी दुर्गापूजेचा थाट मांडला आणि त्या उत्सवातच, सप्टेंबरच्या अखेरीस, अलीवर्दीखानाने रात्री छापा घालून तळ उधळला. जो सण शेतकऱ्याच्या घरी भरत आलेल्या पिकाच्या साक्षीने येतो, तो त्या वर्षी ओस रानांच्या मधोमध साजरा होत होता.

येथे मराठी परंपरेतीलच एका पत्राचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूण येथील छावणीच्या जुमलेदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्याचाही विषय सरत्या उन्हाळ्याची बेगमी हाच आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणागोटा आणि वैरण आताच उधळू नये, उंदराने नेलेल्या दिव्याच्या वातीने गवताच्या गंजी पेटतील ही सावधगिरी बाळगावी, आणि मुख्य म्हणजे रयतेच्या घरचे धान्य, भाजी, लाकूडफाटा यांना हात लावू नये, असे त्यात बजावले आहे. बंगालच्या मोहिमेचे माप घ्यायचे तर ते परक्याच्या नीतीने घेण्याची गरज नाही. या पत्राचे माप पुरेसे आहे आणि त्या मापाला ती मोहीम उतरत नाही. ‘तो काळच तसा होता’ हे समर्थन त्यामुळेच अपुरे ठरते. ज्या काळात हे पत्र लिहिले गेले, तो काळ १७४२ च्या आधीचा होता.

पळालेल्या लोकांपैकी अनेकांनी भागीरथी ओलांडून कोलकाता गाठले. तेथील रहिवाशांच्या आग्रहावरून ईस्ट इंडिया कंपनीच्या वसाहतीभोवती खंदक खणण्याचे काम सुरू झाले. सुमारे सात मैलांपैकी तीनेक मैल खणून झाले आणि हल्ला होत नाही असे पाहून काम थांबले. पुढे १७९९ मध्ये सर्क्युलर रोडसाठी तो बुजविण्यात आला. बागबाजारातील ‘मराठा डिच लेन’ हे नाव मात्र टिकून आहे. कोलकात्यावर बर्गी कधीच आले नाहीत. तरीही या नगरीच्या वाढीत उजाड खेड्यांतून आलेल्या माणसांचा वाटा आहे.

१७४४ मध्ये मनकरा येथे वाटाघाटीसाठी बोलावून भास्कररामांचा वध करण्यात आला. स्वाऱ्या मात्र १७५१ च्या तहापर्यंत चालू राहिल्या. तहाने वार्षिक बारा लक्ष रुपये चौथाई ठरली. नवाबाने ‘चौथ मराठा’ नावाची जादा पट्टी जमीनदारांवर बसविली आणि तिचा भार अखेर रयतेवर आला. म्हणजे लुटीतून वाचलेल्या धान्यावरही बर्गींचे नाव लागलेच. बंगाली मातांच्या सुप्रसिद्ध अंगाईत बर्गींच्या येण्याबरोबरच पाखरांनी फस्त केलेल्या धानाची आणि भरावयाच्या साऱ्याची काळजी येते, ती अकारण नव्हे. इतिहासग्रंथांनी ज्याला ‘महसुली परिणाम’ म्हटले, ते या अंगाईने पाळण्याजवळ सांगितले.

या दोन स्मृतींमध्ये संवाद घडविण्याचे प्रयत्नही झाले. जदुनाथ सरकार आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांचा दीर्घ स्नेह मतभेदांसह टिकला. सरकारांनी बर्गींच्या अत्याचारांविषयी सौम्य शब्द वापरले नाहीत आणि मराठ्यांच्या इतिहासावरील आपली निष्ठाही सोडली नाही. त्यांच्याही आधी देवघरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले सखाराम गणेश देउस्कर (१८६९-१९१२) कोलकात्यात ‘हितवादी’ पत्रात काम करीत होते. १९०४ मध्ये त्यांनी बंगालीत ‘देशेर कथा’ हा ग्रंथ लिहून परकीय राजवटीत शेतकरी आणि कारागीर कसे नागवले गेले याचा हिशेब मांडला. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. ज्या भाषेत मराठी माणसाचे नाव धान नेणाऱ्याचे होते, त्याच भाषेत एका मराठी माणसाने शेतकऱ्याची बाजू मांडली.

बारगिराच्या घरीही १७४२ च्या वैशाखात छप्पर शाकारायचे होते आणि बियाणे पारखायचे होते. ते काम मागे राहिलेल्या स्त्रियांनी आणि वृद्धांनी केले असणार. त्याला बियाण्याचे मोल ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. ठाऊक असलेले मोल दुसऱ्याच्या अंगणात विसरले गेले, हीच या इतिहासातील खरी खंत आहे. मराठी अभ्यासकाने ‘महाराष्ट पुराण’ वाचावे ते यासाठी. बैलाच्या पाठीवरील ते धान त्याला ओळखीचे वाटेल, आणि ज्यांच्या भीतीने ते बैल हाकले गेले त्यांची भाषाही.