हरलेल्या डावातली बरोबरी

४ मे १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये गॅरी कास्पारोव्हने डाव सोडला. समोर आयबीएमचा डीप ब्लू हा संगणक होता. सहा डावांच्या सामन्यातला हा दुसरा डाव, आणि पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या संगणकाची ४५वी चाल नुकतीच झाली होती. दुसऱ्या दिवशी कास्पारोव्हला त्याच्याच सहकाऱ्यांनी सांगितले, की काल सोडलेल्या त्या डावात बरोबरी शिल्लक होती. जगभरच्या हौशी अभ्यासकांनी घरच्या संगणकांच्या मदतीने ती रातोरात शोधून काढली होती. वजीर ई-३ या घरात घुसवायचा, डी-६वरचे आपले प्यादे खुशाल खाऊ द्यायचे, आणि मग हत्ती निमूटपणे ई-८वर आणायचा. त्यानंतर पांढऱ्या राजाला शहांच्या माऱ्यातून सुटका नाही, असे ते विश्लेषण होते.

या घटनेवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण बहुतेक ठिकाणी तिची मांडणी ‘यंत्राने माणसाला हरवले’ अशीच असते. मला तिच्यातला दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. हरल्यासारख्या दिसणाऱ्या डावात दडलेली बरोबरी संगणकाला सापडते का? आणि सापडत असेल, तर ती नेमक्या कोणत्या जातीची असते?

आधी ‘हरल्यासारखा’ हा शब्दच तपासून घेऊ. १९१३ साली जर्मन गणिती अर्न्स्ट झर्मेलो यांनी बुद्धिबळाचा गणिताच्या अंगाने विचार मांडला. त्या विचारधारेतून निघणारे तत्त्व सोपे आहे: पटावरची कोणतीही स्थिती, दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर, जिंकलेली, हरलेली किंवा बरोबरीची असते. चौथा प्रकार नाही. म्हणजे ‘हरल्यासारखा’ हा पटाचा गुण नसून पाहणाऱ्याचे मत आहे. दडलेली बरोबरी दडते ती या मताच्या आड.

अशा बरोबरीचा सर्वांत देखणा नमुना रिचर्ड रेटीने १९२१ साली रचला. पटावर चारच मोहरे आहेत. पांढऱ्याचा राजा एच-८च्या कोपऱ्यात, प्यादे सी-६वर. काळ्याचा राजा ए-६वर, प्यादे एच-५वर. काळ्याचे प्यादे वजीर व्हायला धावत सुटले आहे आणि पांढरा राजा त्याच्या दोन पावले मागे पडला आहे. स्वतःचे प्यादे वाचवावे, तर तेही दूर. पण राजा तिरका चालू लागतो आणि त्याचे प्रत्येक पाऊल दोन्ही कामांच्या उपयोगी पडते. काळ्याने एक अडवावे, तर दुसरे साधते. माणसाला हे उत्तर चमत्कारासारखे वाटते, कारण आपण अंतर डोळ्यांनी मोजतो आणि सरळ वाट जवळची धरतो. संगणकाला चमत्कार वाटत नाही. तो फक्त चाली मोजतो, आणि चार मोहऱ्यांच्या चाली मोजायला त्याला क्षणही लागत नाही.

अशा स्थिती तर आता मोजाव्याही लागत नाहीत. त्यांचे तयार कोष आहेत. शेवटापासून, म्हणजे मात झालेल्या स्थितीपासून, एकेक चाल मागे जात प्रत्येक स्थितीचा निकाल लिहून ठेवायचा, ही त्यामागची रीत. २०१२ साली मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसोव्ह महासंगणकावर सात मोहऱ्यांपर्यंतचा कोष पुरा झाला. सात मोहऱ्यांच्या वेगवेगळ्या स्थिती सुमारे ४२३ लाख कोटी भरतात. त्या कोषात ‘हरल्यासारखे’ असे काही नाही. जे आहे ते आहे.

या कोषांच्या आरंभकाळातला एक प्रसंग फार बोलका आहे. १९७७ साली बेल लॅब्जमधील केन थॉम्प्सन यांनी राजा-वजीर विरुद्ध राजा-हत्ती या शेवटाचा कोष तयार केला. वजीरवाला जिंकतो, हे पुस्तकांत शतकानुशतके लिहिलेले होते. अमेरिकेचा विजेता वॉल्टर ब्राउन वजीर घेऊन बसला, यंत्र हत्ती घेऊन. स्थिती ३१ चालींत जिंकण्याजोगी होती. पण हत्ती राजाच्या अंगाशी ठेवावा, हा पुस्तकी धडा यंत्राने कधी घेतलाच नव्हता. ते हत्तीला लांब नेऊन ठेवी, आणि कोषाच्या हिशेबाने तेच पराभव लांबवणारे असे. मोहरा न मरता, प्यादे न हलता दोन्हीकडच्या पन्नास-पन्नास चाली झाल्या, की डाव बरोबरीत सुटतो. पहिल्या खेपेस ब्राउनला त्या मुदतीत विजय साधला नाही. नंतर अभ्यास करून तो पुन्हा बसला, तेव्हा बरोबर पन्नासाव्या चालीला त्याने हत्ती टिपला. खरोखर हरलेल्या डावातून यंत्राने बरोबरी काढली ती अशी. त्याला धीर धरावा लागला नाही, कारण धीर सुटणे म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नव्हते.

हाच हिशेब उलटही फिरला. दोन उंटांविरुद्ध एकटा घोडा एका विशिष्ट रचनेत तग धरतो, असे क्लिंग आणि हॉर्विट्झ यांनी १८५१ साली दाखवले होते. पुढे शंभराहून अधिक वर्षे हा शेवट बरोबरीचा मानला गेला. १९८३ साली थॉम्प्सन यांच्या कोषाने निकाल दिला, की दोन उंट सर्वसाधारणपणे जिंकतात. जास्तीत जास्त ६६ चाली लागतात. ज्या तटाआड सव्वाशे वर्षे घोडा निर्धास्त होता, तो तट कायमचा टिकणारा नव्हता. यंत्राने बरोबऱ्या शोधल्या, तशा पुसूनही टाकल्या.

इथवर पाहता वाटेल, की प्रश्न सुटला. पण या साऱ्या उदाहरणांत बरोबरी कुठेतरी घडते. शहांची मालिका सुरू होते, प्यादी अडतात, पन्नास चाली भरतात. मोजत गेले की ती हाताला लागते. बरोबरीची दुसरी जात मात्र अशी आहे, की तिच्यात काहीच घडत नाही. तिला इंग्रजीत ‘फोर्ट्रेस’ म्हणतात. आपल्याकडे ‘किल्लेकोट’ हा शब्द राजा आणि हत्ती यांच्या जोडचालीसाठी रूढ आहे, म्हणून मी तिला ‘तटबंदी’ म्हणतो. शत्रूजवळ सैन्य दुप्पट आहे, पण आत शिरायला वाटच नाही.

गणिती आणि भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज यांनी १९९४ सालच्या ‘शॅडोज ऑफ द माइंड’ या ग्रंथात अशी एक रचना दिली आहे. ती विल्यम हार्टस्टन यांची. पांढऱ्याजवळ राजा आणि आठ प्यादी. काळ्याजवळ शिवाय दोन हत्ती आणि एक उंट. पण प्याद्यांची भिंत पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग आहे. राजाने भिंतीमागे येरझाऱ्या घालाव्यात, डाव बरोबरीत सुटेल. नवशिक्यालाही हे कळते. डीप ब्लूचा पूर्वज असलेल्या डीप थॉट या संगणकासमोर ही स्थिती ठेवली, तेव्हा त्याने प्याद्याने हत्ती मारला. भिंतीला खिंडार पडले आणि डाव गेला. फुकटचा हत्ती त्याला दिसला; भिंतीची किंमत दिसली नाही.

असे का व्हावे? संगणक काही चाली पुढे पाहतो आणि तिथे थांबून मोहऱ्यांची गोळाबेरीज करतो. त्या क्षितिजापलीकडचे त्याच्या लेखी नसतेच. संगणक-बुद्धिबळात याला ‘क्षितिज-परिणाम’ असेच नाव आहे. वीस चालींनंतरही काही बदलले नाही, चाळीस चालींनंतरही नाही, तरी प्रत्येक मुक्कामावर बेरीज तीच येते: काळा दोन हत्ती आणि एका उंटाने पुढे. ‘कधीच काही होणार नाही’ हे वाक्य मोजणीतून निघत नाही. त्यासाठी मोजणी थांबवून रचनेकडे पाहावे लागते. २००८ साली हिकारू नाकामुराने याच उणिवेवर बोट ठेवले. रिब्का हा त्या काळचा अतिशय बलाढ्य प्रोग्रॅम. झटपट डावात नाकामुराने सारी प्यादी एकमेकांत अडकवली, वर हत्ती देऊन उंट घेतले, आणि मोहरे मागेपुढे हलवत बसला. गोळाबेरजेत आपण पुढे आहोत असे समजणाऱ्या रिब्काने पन्नास चालींची बरोबरी टाळण्यासाठी आपणच कोंडी फोडली. २७१ चालींचा तो डाव नाकामुराने जिंकला.

२०२० पासून स्टॉकफिशसारख्या इंजिनांत गोळाबेरजेच्या जोडीला न्यूरल नेटवर्क आले. कोट्यवधी स्थितींवर घडवलेली ही नजर रचनाही पुष्कळ ओळखते. तरी तटबंदीच्या काही स्थिती आजही अशा सापडतात, की इंजिनाचा आकडा ‘काळा जिंकतो’ म्हणत राहतो आणि तेच इंजिन स्वतःशी खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. बोलणे एक, करणे दुसरे.

म्हणून माझ्या प्रश्नाचे उत्तर असे: बरोबरी चालींच्या साखळीच्या टोकाला असेल, तर संगणक ती माणसापेक्षा कितीतरी चांगली शोधतो, ती साखळीच नसण्यात असेल, तर अजूनही चाचपडतो. मात्र कास्पारोव्हच्या डावातली बरोबरी पहिल्या जातीची होती. सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासणाऱ्या डीप ब्लूलाही ती वेळेत दिसली नाही, नाहीतर त्याने ती वाट प्रतिस्पर्ध्याला मोकळी ठेवली नसती. वाटेतल्या दोन्ही कळीच्या चाली शांत होत्या, शह नसलेल्या, आणि शहांचा मारा त्यांच्या पलीकडे होता. कास्पारोव्हने ती शोधलीच नाही. त्याच डावात ३७व्या चालीला आयती प्यादी सोडून यंत्राने उंट ई-४वर आणला होता, आणि त्या संयमाने तो हादरला होता. इतके खोल पाहणारे यंत्र साधी पळवाट कशी ठेवील, हा त्याचा तर्क. बरोबरी दडली होती ती पटावर नव्हे, या विश्वासाआड. पुढचे तीन डाव बरोबरीत सुटले, सहावा तो १९ चालींत हरला, आणि सामना अडीच विरुद्ध साडेतीन असा गेला. दुसऱ्या डावातला तो अर्धा गुण मिळाला असता, तर इतर निकाल तसेच धरूनही सामना तीन-तीन असा बरोबरीत राहिला असता.

आज प्रत्येक मोठ्या स्पर्धेच्या प्रक्षेपणात पटाशेजारी इंजिनाची पट्टी वरखाली होत असते. ती एका बाजूला झुकली, की प्रेक्षक डाव संपला म्हणतात. खेळाडूला मात्र ती पट्टी दिसत नाही. ही त्याची उणीव आहे असे आपण समजतो. मला ती त्याची शिल्लक पुंजी वाटते. डाव हरला आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते, म्हणून तो पुढची चाल शोधत राहतो.