नियम कोणी लिहिले?

ख्रिश्चन लाइफ कम्युनिटी ही कॅथलिक प्रापंचिकांची, म्हणजे घरसंसार आणि नोकरीधंदा सांभाळून धर्मकार्य करणाऱ्या भाविकांची जागतिक संघटना. तिच्या ‘जनरल प्रिन्सिपल्स’ या नियमपुस्तिकेच्या सुरुवातीलाच दोन तारखा छापलेल्या असतात. पहिली ७ सप्टेंबर १९९०. त्या दिवशी मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात भरलेल्या जागतिक सभेने हे नियम मंजूर केले. दुसरी ३ डिसेंबर १९९०. त्या दिवशी रोमने त्यांवर शिक्कामोर्तब केले. आधी सभासदांचा ठराव, मग जेमतेम तीन महिन्यांनी व्हॅटिकनची मान्यता, असा हा क्रम. याच संघटनेच्या चारशे वर्षांपूर्वीच्या कागदांत तो नेमका उलटा दिसतो. तो कसा पालटला, हे तारखा एकापुढे एक मांडल्या की बरेचसे उलगडते. त्या वाटेवरचा एक मुक्काम मुंबईत आहे.

मराठवाड्यात कॅथलिक चर्च म्हटले की डोळ्यांपुढे फादरच उभे राहतात. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले, तेव्हा त्यांच्या धर्मगुरूच्या अंगरख्याची चर्चा भाषणाआधीच सुरू झाली होती. दोनच वर्षांनी संमेलन उदगीरला आले. पण चर्चमध्ये अंगरखा न घालणारेच बहुसंख्य असतात, आणि त्यांनी स्वतःहून उभारलेल्या संस्थांना मान्यता कशी मिळते हा विषय उदगीरकराला परका वाटू नये. इथे एखादे मंडळ नोंदवायचे तर १८६० च्या कायद्याप्रमाणे किमान सात माणसे लागतात, घटना लिहावी लागते, आणि फाइल घेऊन लातूरच्या धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. उद्देश काय, सभासद कोण, कार्यकारिणी कशी निवडणार, हेच प्रश्न तिथे विचारले जातात. कॅथलिक धर्मसंहितेतल्या ३०४ व्या कलमातही जवळपास हीच यादी आहे.

आरंभ १५६३ चा. जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या रोममधल्या महाविद्यालयात जाँ ल्यूनिस या तरुण बेल्जियन जेझुइटाने विद्यार्थ्यांचे एक मंडळ जमवले. मरियेच्या नावाने रोज प्रार्थना आणि गरिबांची सेवा, एवढाच त्याचा व्याप. ५ डिसेंबर १५८४ रोजी पोप तेरावे ग्रेगरी यांनी ‘ऑम्निपोतेन्तिस देई’ हे फर्मान काढून या मंडळाला मूळ मंडळाचा दर्जा दिला. ‘प्रिमा प्रिमारिया’ ही त्याची पदवी तेव्हाची. दुसरीकडची मंडळे त्याला संलग्न करून घेण्याचा अधिकार जेझुइटांच्या सर्वोच्च प्रमुखाकडे गेला. संलग्नतेला लोक धडपडत ते इंडलजन्ससाठी, म्हणजे पापांच्या प्रायश्चित्तातून मिळणाऱ्या सवलतींसाठी. मूळ मंडळाला मिळालेल्या सवलती संलग्न झाल्यावर शाखेलाही लागू होत. आता फर्मानात कोणाला काय मिळाले ते पाहा: पोपने दिले, जेझुइट प्रमुखाने वाटले. विद्यार्थ्यांच्या वाट्याला पाळायचे नियम आले.

अशा संलग्नतेचा सुळसुळाट झाला तेव्हा आठवे क्लेमेंट यांनी ७ डिसेंबर १६०४ च्या ‘क्वेकुम्क्वे’ या फर्मानाने तिला लगाम घातला. स्थानिक बिशपची लेखी संमती हवी आणि नियम त्याच्या नजरेखालून गेले पाहिजेत, अशा अटी आल्या. बिशपच्या टेबलावरून गेल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही, ही आजची रीत निदान इतकी जुनी आहे.

आपल्या किनाऱ्यावर त्या काळी आणखी एक धनी होता. गोवा, वसई, चौल इथल्या चर्चवर पोर्तुगीज राजाचा आश्रयाधिकार चाले. १५४१ साली गोव्यात मिगेल वाझ आणि दियोगु द बोर्बा या दोघा धर्माधिकाऱ्यांनी ‘सांता फे’ नावाचे बंधुमंडळ स्थापले. पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न सरकारने या मंडळाकडे वळवले. पुढे त्याचे महाविद्यालय जेझुइटांच्या हाती गेले, आणि १५५६ साली हिंदुस्थानातला पहिला छापखाना तिथेच सुरू झाला. मंडळाच्या जमाखर्चाची ही पहिली बाजू वगळून छापखान्याचे कौतुक करणारे लेख मराठीत कमी नाहीत.

मूळ धाग्याकडे येऊ. पुढच्या तीन शतकांचे कागद भराभर उलटले तरी चालतात. १७५१ मध्ये चौदावे बेनेडिक्ट यांनी स्त्रियांच्या मंडळांनाही संलग्नता खुली केली. १७७३ मध्ये पोपनेच जेझुइट संघ बरखास्त केला. मंडळे मात्र टिकली. संघ पुन्हा उभा राहिल्यावर, १८२५ मध्ये, बाराव्या लिओंनी जेझुइट प्रमुखाचा अधिकार परत दिला आणि जेझुइटांच्या देखरेखीबाहेरची मंडळेही संलग्न होऊ लागली. १९१० मध्ये जेझुइट प्रमुख फ्रान्त्स झेवियर वेर्न्झ यांनी सर्व मंडळांसाठी ‘कॉमन रूल्स’ जारी केले. वेर्न्झ हे स्वतः चर्चच्या कायद्याचे नाणावलेले जाणकार, त्यामुळे मसुद्यात ढिलाईला जागा नव्हती. पण सही एकट्याची होती. सव्वातीनशे वर्षांनंतरही नियम लिहिणारा हात तोच राहिला.

पहिली फट दिसते ती १९५३ साली. जगभरच्या मंडळांचा महासंघ उभा राहिला आणि बाराव्या पायस यांनी त्याच्या घटनेला मान्यता दिली. आता विखुरलेल्या शाखांच्या जागी ठराव करू शकणारी एक सभा आली. ती १९५४ साली रोममध्ये भरली, १९५९ मध्ये अमेरिकेत नुअर्कला, आणि १९६४ मध्ये मुंबईत.

मुंबईची वेळ नीट पाहण्यासारखी आहे. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘लुमेन जेन्त्सियुम’ हा दस्तऐवज जाहीर केला. त्याचे चौथे प्रकरण पूर्णपणे प्रापंचिकांवर आहे. आठवडाभरातच, २८ नोव्हेंबरला, मुंबईत आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या भक्तीचा कॅथलिक मेळावा, सुरू झाली. ओव्हल मैदानावर वेदी उभारली होती आणि यजमान होते कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस. २ डिसेंबरला पोप सहावे पॉल स्वतः उतरले आणि ५ तारखेपर्यंत राहिले. पदावरच्या पोपने भारतात पाऊल ठेवण्याची ही पहिलीच वेळ. रोममध्ये ज्या मजकुराची शाई पुरती वाळली नव्हती, तो त्याच हिवाळ्यात याच शहरात कानोकानी झाला. महासंघाची सभाही त्याच वर्षीची, त्याच शहरातली. तिथे जमलेल्यांच्या हाती अजून १९१० चेच नियम होते.

पुढच्या वर्षी, १८ नोव्हेंबर १९६५ रोजी, परिषदेने प्रापंचिकांच्या कार्यावरचा स्वतंत्र दस्तऐवज काढला. धर्माधिकाऱ्यांशी योग्य संबंध राखून संस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क प्रापंचिकांना आहे, असे त्याच्या १९ व्या परिच्छेदाने सांगितले. ६ जानेवारी १९६७ ला याच सहाव्या पॉल यांनी प्रापंचिकांसाठी व्हॅटिकनमध्ये वेगळी परिषद नेमली. म्हणजे अर्ज करायला टेबल मिळाले. १९ ऑक्टोबर १९६७ रोजी रोममधल्या सभेने ‘कॉमन रूल्स’ बाजूला ठेवून स्वतःची ‘जनरल प्रिन्सिपल्स’ मंजूर केली आणि संघटनेचे नावही बदलले. २५ मार्च १९६८ ला पोपची मान्यता आली, तीन वर्षांच्या प्रयोगापुरती. ३१ मे १९७१ ला ती कायम झाली.

माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा सांधा १९९० मध्ये शोधू नये, तो १९६७ मध्ये आहे. मतदान करून लिहिलेला मसुदा वर पाठवला गेला तो तेव्हा. मुंबईच्या आणि रोमच्या सभांमध्ये जेमतेम तीन वर्षे आहेत. त्याआधीच्या चार शतकांत जे झाले नाही ते त्या तीन वर्षांत झाले.

१९८३ च्या धर्मसंहितेने या वहिवाटीला कलमांत बांधले. धर्मप्रांतापुरत्या सार्वजनिक संस्थेला तिथला बिशप मान्यता देतो, राष्ट्रीय संस्थेला बिशप मंडळ आणि आंतरराष्ट्रीय संस्थेला थेट रोम, हे ३१२ वे कलम. परवानगीशिवाय स्वतःला ‘कॅथलिक’ म्हणवून घेता येत नाही, हे ३०० वे. संस्था दोन जातींच्या. सार्वजनिक संस्था चर्चच्या नावाने काम करते, तर खासगी संस्था सभासदांच्या आपसांतल्या करारावर उभी असते आणि तिच्या घटनेला चर्च मान्यता देते. ख्रिश्चन लाइफ कम्युनिटी पहिल्या जातीतली. केरळात ऐंशीच्या दशकात तरुणांमधून वाढलेली ‘जीझस यूथ’ दुसऱ्या. तिला रोमची मान्यता मिळाली ती २०१६ मध्ये. आधी स्थानिक बिशप, मग परदेशांत विस्तार, मग घटनेचा मसुदा, मग काही वर्षांपुरती प्रायोगिक मंजुरी: तीस वर्षे अशी जातात.

उदगीरच्या आठदहा कॅथलिक कुटुंबांनी उद्या असे मंडळ काढले तर त्यांचा पहिला अर्ज रोमला जाणार नाही. तो छत्रपती संभाजीनगरच्या बिशपकडे जाईल, कारण १९७७ साली स्थापन झालेला औरंगाबाद धर्मप्रांत मराठवाड्याचा आहे.

आणि नियम लिहिणारा हात अगदीच बदलला असेही नाही. ११ जून २०२१ ला व्हॅटिकनच्या प्रापंचिक विभागाने एक आदेश काढला. आंतरराष्ट्रीय संघटनांच्या केंद्रीय कार्यकारिणीची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे, एका माणसाने सलग दहा वर्षांपलीकडे पदावर राहायचे नाही, आणि निवडणुकीत सर्व सभासदांना थेट किंवा प्रतिनिधींमार्फत मत हवे. पंचवीस-तीस वर्षे एकाच संस्थापकाच्या शब्दावर चाललेल्या काही संघटनांना हे चांगलेच झोंबले. सभासदांच्या मताचा हा नियम सभासदांना न विचारता लागू झाला होता.