दुष्काळ, धान्य आणि धर्मांतर

दलित माणूस ख्रिस्ती झाला की गावाचे एक उत्तर तयार असते : तो पोटासाठी बाटला. हे उत्तर देणाऱ्यांनी त्याचे पोट कधी पाहिले होते काय? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात तेलुगू मुलखातील ओंगोल येथे जे घडले, त्यावर हा आरोप घासून पाहता येतो.

त्या दुष्काळात दक्षिण हिंदुस्थानात पन्नास लाखांवर माणसे मेली असा अंदाज आहे. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणले. मादिगांच्या वाट्याला तेही धड येत नव्हते. मादिगा म्हणजे गावाबाहेर राहून मेलेली ढोरे ओढणारी, चामडे कमावणारी जात. कामावरचे सवर्ण मुकादम त्यांना हिडीसफिडीस करून हाकलीत. दुष्काळाने माणसे मारली, जात मारली नाही.

ओंगोलला १८६६ पासून अमेरिकन बाप्टिस्ट मिशनचे जॉन क्लफ काम करीत होते. मादिगांना जवळ केल्यावर सवर्ण जिज्ञासू त्यांच्यापासून दूर झाले. दुष्काळात क्लफ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या काही मैलांच्या खोदाईचा मक्ता घेतला आणि हाकललेल्यांना तेथे काम दिले. ही भिक्षा नव्हती. घामाची मजुरी होती.

पण धान्य ज्याच्या हाती, त्याच्या धर्माला उपाशी माणूस 'नाही' कसा म्हणणार? ही अडचण क्लफ यांनाही कळत होती. कालव्यावर उपदेश चालू होता. बाप्तिस्मा मात्र त्यांनी सुमारे पंधरा महिने बंद ठेवला. पुढे मदतीचे काम संपले. आता देण्यासाठी पैसा नाही, परत जा, असे सांगूनही लोक हटले नाहीत. ३ जुलै १८७८ रोजी गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. वर्षअखेर ही संख्या नऊ हजारांवर गेली.

यात भुकेचा वाटा नव्हता असे म्हणणे खोटेपणाचे होईल. संकटात जवळ कोण उभे राहिले आणि कोणी हाकलले, हे भुकेनेच शिकवले. पण या धर्मात येणाऱ्याला मृतमांस सोडावे लागे. देवांच्या जत्रेत डफ वाजवायला नकार दिला म्हणून गावाने विहिरी बंद केल्या. पोटासाठी आलेला माणूस हा छळ कशासाठी सोसेल? १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, तेव्हाही प्रश्न अन्नाइतकाच अब्रूचा होता.

चर्चनेही सारे दिले नाही. माला आणि मादिगा हा भेद तेलुगू ख्रिस्ती समाजात शिल्लक राहिला. आणि स्वतंत्र भारतात? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने धर्म पाहून अनुसूचित जातीचा दर्जा दिला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित अजून बाहेरच आहे. पोटासाठी बाटला म्हणून ज्याला हिणवायचे, त्याच्याच ताटातला घास धर्मांतरामुळे काढून घ्यायचा, असा हा न्याय आहे.

अन्नछत्र चालवणारा कोणीही असो, मिशन असो, पक्ष असो वा आपली संघटना असो, क्लफ यांच्यापुढचा पेच त्याला चुकत नाही. घास देताना त्याच्या बदल्यात माणूस मागायचा नाही, ही शिस्त त्याने पाळलीच पाहिजे. आणि इतिहास लिहिणाऱ्याने भुकेल्याला तू का गेलास, असे विचारण्यापूर्वी त्याला हाकलले कोणी, हे विचारले पाहिजे.